भिंत पाच जणांची, भिस्त बाकावरच्यांवर

१२ ऑक्टोबर २०२४. ओरेगन राज्यातलं यूजीन शहर. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीमची यजमान ओरेगनशी मॅच सुरू होती आणि त्यात जॉश सिमन्स नावाच्या खेळाडूचा गुडघा गेला. चेंडू त्याच्या हातात नव्हता. तसा तो कधीच नसतो. ओहायो स्टेट ती मॅच ३२-३१ अशी, एका गुणाने हरलं. एक पराभव भरून काढता येतो, पण सिमन्सचा अख्खा सीझन संपला होता आणि त्याच्या जागी उभं करायला तसा दुसरा मुलगा टीमकडे नव्हता.

अमेरिकन कॉलेज फुटबॉल आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण तुमचा एखादा सीनियर एमएस करायला तिकडे गेला असेल, तर शनिवारच्या त्याच्या स्टोरीत गच्च भरलेलं स्टेडियम तुम्ही नक्की पाहिलं असेल. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची अधिकृत क्षमताच १,०७,६०१ आहे. म्हणजे लाखभर लोक तुमच्याच वयाच्या पोरांचा खेळ बघायला येतात. आणि त्यातले बहुतेक जण ज्या पाच पोरांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांची ही गोष्ट.

ही पाच पोरं म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. या पाच जणांचा चेंडूशी संबंध तेवढाच. पुढे पळत जाऊन पास झेलायला त्यांना नियमानेच मनाई. समोरून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं आणि क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापुरते दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, हे त्यांचं काम. एकेकाचं वजन १३५-१४० किलो, कधी त्याहून जास्त. नीट अडवलं तर टाळ्या दुसऱ्याला. चुकलं तर मात्र कॅमेरा बरोबर यांच्यावर येतो.

‘द ब्लाइंड साइड’ पाहिलाय ना? सँड्रा बुलकला ऑस्कर मिळवून देणारा सिनेमा. त्यातला मायकेल ओहर हा डावीकडच्या टोकाचा, म्हणजे लेफ्ट टॅकल. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक वळला की त्याची पाठ डावीकडे होते आणि तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. म्हणून ती जागा सगळ्यात मोलाची. (सिनेमातली गोष्ट आणि खरं आयुष्य यांत अंतर आहे म्हणत ओहर २०२३ मध्ये त्या कुटुंबाविरुद्ध कोर्टात गेला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) सिमन्स ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकलच होता.

मग एवढ्या मोठ्या, श्रीमंत टीमकडे त्याच्या तोडीचा दुसरा का नसावा? कारण लाइनमन विकत घेता येतो, पण पटकन तयार करता येत नाही. वेगाने पळणारा रिसीव्हर शाळेतच ओळखू येतो, स्टॉपवॉच लावलं की झालं. लाइनमनचं तसं नाही. सतरा वर्षांचा, साडेसहा फुटांच्या आसपासचा, ११५ किलोचा मुलगा समोर उभा असतो आणि कोचला अंदाज बांधायचा असतो तो हा मुलगा बावीसाव्या वर्षी कसा असेल याचा. १४० किलो वजन पेलून त्याचे पाय इतकेच हलके राहतील का? हात किती लांब आहेत, कंबर किती खाली जाते, घोटा किती वाकतो, सगळं बघतात. बास्केटबॉल खेळतो का, गोळाफेक करतो का, कुस्ती खेळतो का, हेही विचारतात. घरी भेटायला गेलेल्या कोचची नजर आई-वडिलांच्या उंचीवर जाते ती उगाच नाही!

याची सगळ्यात मजेशीर उदाहरणं आयोवा विद्यापीठात सापडतात. आयोवा हे मक्याच्या शेतांचं, विरळ वस्तीचं राज्य. मोठमोठ्या टीम ज्यांच्यामागे लागतात ती नावाजलेली पोरं इथे फारशी येत नाहीत. इथे कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून मुख्य कोच आहेत आणि त्याआधी ते याच विद्यापीठात लाइनचे कोच होते. त्यांची पद्धत अशी, की भलत्याच जागी खेळणारा मुलगा घ्यायचा, त्याला खाऊ-पिऊ घालायचं, व्यायाम करून घ्यायचा आणि थांबायचं. रॉबर्ट गॅलरी आला होता टाइट एंड म्हणून, म्हणजे पास झेलणारा. तोच २००४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये टॅकल म्हणून दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. ब्रँडन शर्फ शाळेत असताना चक्क क्वार्टरबॅक खेळला होता. २०१४ मध्ये त्याने देशातल्या सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी जिंकली. टायलर लिंडरबॉमला घेतलं होतं बचावाच्या फळीसाठी. त्याला सेंटर केलं आणि २०२१ मध्ये तो देशातला सर्वोत्तम सेंटर ठरला.

लिंडरबॉमने शाळेच्या कुस्तीत एकदा ट्रिस्टन विर्फ्सला हरवलं होतं. आयोवाला कुस्तीचं वेड आहे, त्यामुळे लाइनमन आखाड्यातून येणं तिथे नवलाचं नाही. हा विर्फ्स पुढे एनएफएलमध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. आयोवात तो २०१७ मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी टॅकल म्हणून सुरुवातीच्या अकरात उतरला. फेरेन्ट्झ यांच्या काळात असा तो पहिलाच. १९९९ पासून २०१७ पर्यंत पहिलाच! यावरून लाइनमन घडायला किती वेळ लागतो त्याचा अंदाज येईल.

या वेळेचंच एक गणित असतं. एका टीमला स्कॉलरशिप देता यायच्या ८५. त्यातल्या पंधरा-सोळा लाइनसाठी ठेवायच्या, म्हणजे पाच जागांना प्रत्येकी तिघे. दरवर्षी चार-पाच नवी पोरं घ्यायची. पहिलं वर्ष बहुधा ‘रेडशर्ट’, म्हणजे नुसता सराव, जिम आणि जेवण. मिळालेल्या पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात, म्हणून एक वर्ष असं बाजूला ठेवणं परवडतं. २०१८ पासून तर चार मॅच खेळूनही ते वर्ष वाचतं. दुसऱ्या वर्षी सरावात समोरच्या टीमची नक्कल करून स्वतःच्याच सीनियर्सचा मार खायचा. तिसऱ्या वर्षी कुणी जखमी झालं तर मैदानात. चौथ्या-पाचव्या वर्षी जागा हक्काची. बेंचवर बसलेला तिसऱ्या वर्षाचा मुलगा हाच टीमचा विमा.

आता याच विम्याला गळती लागलीये. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. कॉलेज बदलायचंय? यादीत नाव टाका, बाकीची कॉलेजं स्वतः संपर्क करतील. आधी बदली केली की एक वर्ष घरी बसावं लागायचं. २०२१ मध्ये ती अट एका बदलीपुरती गेली आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदली करायला वाट मोकळी झाली. त्यातच जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची परवानगी मिळाली. तीन वर्षं घाम गाळून तयार झालेला, पण बेंचवरच असलेला टॅकल आता स्वतःलाच विचारतो, ‘मी थांबू कशाला?’ दुसरीकडे त्याच्यासाठी पैसेही असतात आणि जागाही.

मला यात त्या मुलाची चूक दिसत नाही. एवीतेवी कोच मोठ्या पगारासाठी करार मोडून जातातच की. आणि पोर्टलने काहींचं भलंही केलंय. ओलुसेगुन ओलुवातिमी हा सेंटर एअर फोर्स अकादमीतून व्हर्जिनियात गेला. तिथे तीन सीझन खेळून २०२२ मध्ये मिशिगनला आला आणि एकाच वर्षात आउटलँड आणि रिमिंग्टन या दोन्ही ट्रॉफ्या घेऊन गेला. जुन्या नियमांत हे जवळपास अशक्य होतं.

पण कोचच्या बाजूने बघितलं की डोकं गरगरतं. केडिन प्रॉक्टरचंच घ्या. आयोवातलाच मुलगा, देशातल्या सर्वोत्तम टॅकल्सपैकी एक. त्याने आयोवा विद्यापीठाला शब्द दिला होता. डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन सह्यांच्या वेळी तो ॲलाबामाला गेला. तिथे पहिल्याच वर्षी लेफ्ट टॅकल झाला. जानेवारी २०२४ मध्ये ॲलाबामाचे कोच निक सेबन निवृत्त झाले आणि प्रॉक्टर पोर्टलमधून आयोवात परतला. आयोवाचे फॅन्स खूश. मार्चमध्ये साहेब पुन्हा ॲलाबामाला! आयोवाकडून एकही मॅच न खेळता. आता सांगा, त्या दोन महिन्यांत आयोवाच्या कोचने लेफ्ट टॅकलच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं? आणि प्रॉक्टर येतोय म्हटल्यावर त्या जागेची वाट बघणाऱ्या मुलाने काय करायचं?

तर, ओहायो स्टेट. सिमन्स तिथे सॅन डिएगो स्टेटमधून आला होता. सेंटर सेथ मॅक्लॉक्लिन आला होता ॲलाबामातून, चुकलेल्या स्नॅप्सवरून फॅन्सच्या भरपूर शिव्या खाऊन. म्हणजे लाइनच्या दोन महत्त्वाच्या जागा बाहेरून आणून भरल्या होत्या. सिमन्स गेल्यावर झेन मिचाल्स्कीला उतरवलं, तर पुढच्याच मॅचमध्ये तोही जखमी झाला. मग कोचनी डोनोव्हन जॅक्सनला, जो तीन सीझन गार्ड खेळत होता, थेट लेफ्ट टॅकलला हलवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात आणि टॅकलच्या एका बाजूला मोकळं मैदान. पाय टाकायची पद्धतच बदलते. त्यात नोव्हेंबरमध्ये सरावात मॅक्लॉक्लिनच्या टाचेची शीर तुटली.

इथे कार्सन हिन्झमन हे नाव येतं. हा मुलगा २०२३ मध्ये ओहायो स्टेटचा सेंटर होता. मॅक्लॉक्लिनला आणल्यावर त्याची जागा गेली. पोर्टल उघडं होतं आणि एक वर्ष सुरुवातीपासून खेळलेल्या सेंटरला कुणीही घेतलं असतं. तो गेला नाही. जॅक्सन टॅकलला सरकल्यावर तो आधी गार्डला उभा राहिला आणि मॅक्लॉक्लिन पडल्यावर परत सेंटरला.

लगेच सगळं जादूसारखं जुळलं असं नाही. ३० नोव्हेंबरला ही जोडलेली लाइन मिशिगनसमोर अडखळली आणि ओहायो स्टेट घरच्या मैदानावर १३-१० हरलं. पण मग बारा टीम्सची पहिलीवहिली प्लेऑफ आली. टेनेसी, ओरेगन (हो, तेच), टेक्सस असं एकेकाला हरवत २० जानेवारी २०२५ ला अटलांटात त्यांनी नोत्र दामला ३४-२३ ने हरवलं आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तो त्यांचा सीझनमधला सोळावा सामना होता. प्लेऑफ लांबली की मॅच वाढतात, मॅच वाढल्या की गुडघे जातात, आणि मग बेंचवर कोण बसलंय हे फायनलपर्यंत पुरतं. जाहिरातीत हिन्झमन दिसला नसेल, पण त्या फायनलला प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याच हातून मागे येत होता.

त्याच सीझनचा सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा जो मूर पुरस्कार मात्र ओहायो स्टेटला मिळाला नाही. हा पुरस्कार एका खेळाडूला नाही, अख्ख्या लाइनला मिळतो, आणि ट्रॉफीचं वजन आहे ८०० पौंड, म्हणजे ३६० किलोंच्या वर. तो गेला आर्मीला, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला. तिथे येणारा प्रत्येक जण आधी कॅडेट. पोर्टलमधून तयार माल आणायची सोय जवळपास नाहीच. शिक्षण संपल्यावर लष्करात नोकरी करायची असते, म्हणून शेवटचा सीझन संपला की हे लाइनमन वजन उतरवायला लागतात. चार वर्षं एकमेकांच्या शेजारी उभी राहिलेली पोरं काय करू शकतात, ते त्या वर्षी आर्मीच्या १२ विजयांत दिसलं.

६ जून २०२५ ला आणखी एक मोठा बदल झाला. एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केली. आता कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांचे मिळून जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. स्कॉलरशिपची ८५ ची मर्यादा गेली. पण त्याऐवजी ही तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांच्या फुटबॉल टीमवर एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. वरवर पाहता आकडा वाढलाय. प्रत्यक्षात आधी स्कॉलरशिपवाल्या ८५ जणांच्या जोडीला स्वतःची फी भरून खेळणारे ‘वॉक-ऑन’ असायचे आणि एकूण संख्या सहज १२० च्या घरात जायची.

कात्री लागली ती या वॉक-ऑन पोरांना. आणि लाइनवर वॉक-ऑनची परंपरा जुनी आहे, कारण उशिरा भरणारी शरीरं तिथेच सापडतात. आयोवाचा ब्रूस नेल्सन असाच स्कॉलरशिपशिवाय आला, सेंटर झाला आणि २००३ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला. नव्या मर्यादेच्या तयारीत अनेक टीम्सनी मंजुरीच्या आधीच पोरं कमी करायला सुरुवात केली होती. ते बघून विल्केन यांनी एप्रिलमध्ये तडजोड अडवून धरली आणि आधी या मुलांचं काय ते सांगा, असं वकिलांना बजावलं. मग असं ठरलं, की नव्या मर्यादेमुळे ज्यांची नावं कापली गेली त्यांना कॉलेजने परत घ्यायचं ठरवलं तर ते १०५ मध्ये धरायचे नाहीत. घ्यायचं की नाही हे कॉलेजच्या मर्जीवर.

ही सवलत तेव्हाच्या मुलांपुरती आहे. आयोवातल्या एखाद्या गावात आत्ता बारावीत असलेला, ११० किलोचा, लांब हातांचा, कुस्ती खेळणारा आणि एकाही कॉलेजने स्कॉलरशिप न देऊ केलेला मुलगा तिच्यात बसत नाही.