नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास येतोय? बरंच आहे!

तारळी जिथे कृष्णेला मिळते, तिथे उंब्रज वसलंय. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की मातीच्या कणांआड जंतू लपतात. शिवाय गाळातला पालापाचोळा जंतू मारणारं क्लोरीनच खाऊन टाकतो. म्हणून आधी तुरटीने गाळ बसवायचा, मग क्लोरीन देणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालायची आणि किमान अर्धा तास थांबायचं. घाई इथेच नडते. भारतीय मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ते असलं की ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळसर होतं. टीसीएल ओलसर, उघड्यावर राहिली तर तिचा दम जातो. पोतं तेच, काम शून्य! हलक्या वासाला नाक मुरडू नका. तो येईनासा झाला, तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आपल्या नळाची ओटी चाचणी करायला सांगा.