पहिला नकार

एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेमला अॅडॉल्फ आइकमनवर खटला सुरू झाला. आपण केवळ वरून आलेले हुकूम पाळले, हा त्याचा बचाव जगभर चर्चेत आला. त्याच वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या तरुण मानसशास्त्रज्ञाने हुकूम आणि विवेक यांची गाठ प्रयोगशाळेत घालून पाहिली.

वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून न्यू हेवन परिसरातील साधी माणसे आली. शिक्षेचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो ते पाहायचे आहे, असे त्यांना सांगण्यात आले. पलीकडच्या खोलीतला 'विद्यार्थी' चुकला की विजेचा झटका द्यायचा आणि प्रत्येक चुकीला तो १५ व्होल्टने वाढवायचा. शेवटचे बटण ४५० व्होल्टचे. झटके खोटे होते आणि विद्यार्थी प्रयोगकर्त्यांचाच माणूस होता. पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. तो अडखळला की करडा कोट घातलेला प्रयोगकर्ता शांतपणे सांगे, प्रयोगासाठी पुढे जाणे आवश्यक आहे. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

हा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. ही माणसे घामाघूम झाली, थरथरली, प्रयोगकर्त्याशी वाद घालत राहिली, हे मात्र विसरले जाते. त्यांना पटत नव्हते, तरी हात थांबत नव्हता. एक कारण त्या १५ व्होल्टांत आहे. १९५ व्होल्टला थांबायचे, तर १८० व्होल्टचा झटका का दिला, याचे उत्तर स्वतःलाच द्यावे लागते. दुसरे कारण म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर गेल्याची भावना.

मिलग्रॅमने प्रयोगाची मांडणी अनेक प्रकारे बदलली. एकदा सहभागीच्या शेजारी आणखी दोन 'शिक्षक' बसवले; ते सामील होते आणि ठरल्याप्रमाणे मध्येच उठून गेले. त्यांच्यामागोमाग ४० पैकी ३६ जणांनी काम सोडले. दुसऱ्या वेळी बटण दुसराच दाबत होता आणि सहभागीकडे फक्त जोडकाम होते. तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले.

सॉलोमन अॅश यांना १९५० च्या दशकात हेच दिसले होते. रेषांची लांबी ओळखण्याच्या सोप्या परीक्षेत सगळा गट मुद्दाम चुकीचे उत्तर देई आणि एकट्या पडलेल्या माणसाची एक तृतीयांशाहून अधिक उत्तरे गटाच्या बाजूला झुकत. गटातला एक जण जरी खरे बोलला, तरी या चुका सुमारे चौथाईवर येत.

जेरी बर्गर यांनी २००६ मध्ये मिलग्रॅमचा प्रयोग सौम्य रूपात, १५० व्होल्टपर्यंतच, पुन्हा केला. 'तुम्हाला दुसरा पर्यायच नाही' हे शेवटचे, सर्वांत आज्ञार्थी वाक्य ज्यांच्यावर वापरावे लागले, त्यांतला एकही पुढे गेला नाही. म्हणजे माणसे दरडावणीपेक्षा, आपण एखाद्या मोठ्या कार्याला हातभार लावतो आहोत या समजुतीला अधिक वश होतात, असे काही अभ्यासक मानतात.

तसे असेल, तर कचेरीत, पक्षात किंवा कुटुंबात 'संस्थेच्या हितासाठी' हे शब्द ऐकले की अधिक सावध व्हायला हवे. आणि नकार एकट्याचा असला, तरी तो एकट्यापुरता राहत नाही. त्याच खोलीत मनातून नाही म्हणणारे आणखी कुणी बसलेले असते. त्याला तोंड उघडायला पहिला आवाज हवा असतो.