घरबसल्या पंप चालविणारे साधन

रात्री वीज आली की शहादा-तळोद्याकडील बागाईतदारास विंचूकाट्याची भीती सोसून विहिरीवर जावे लागते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या साधनाने, मोबाइलवर सांकेतिक आकडे दाबून, ही पायपीट टळू लागली. 2009 साली त्यास नोकिया कंपनीचे पारितोषिक मिळाले. आता अशी साधने ॲपवरही चालतात. ॲपची नवी आवृत्ती निघाली की बटणांचे रंग पाहत बसू नये. पंप खरोखर सुरू झाल्याचे कळते काय, विहीर आटल्यास मोटर आपोआप थांबते काय, हे पाहावे. विहिरीपाशी रेंज नसल्यास आज्ञा पोहोचतच नाही. अक्राणीच्या डोंगरात हे आधीच तपासावे. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. ॲपवर ‘बंद’ दिसले तरी घरातील पोर केव्हाही बटण दाबू शकते.