मिरियम (नाव)

मिरियम (हिब्रू उच्चार : मिर्याम) हे प्राचीन हिब्रू स्त्रीनाम आहे. हिब्रू बायबलमध्ये ते मोशे व अहरोन यांच्या बहिणीचे नाव म्हणून येते. ग्रीक व लॅटिन भाषांतून प्रवास करताना या नावाचे 'मारिया' झाले, इंग्रजीत 'मेरी', फ्रेंचमध्ये 'मारी' आणि अरबीत 'मर्यम'. त्यामुळे ज्यू, ख्रिस्ती व मुस्लिम या तिन्ही परंपरांत ते आढळते आणि जगात सर्वाधिक प्रसार झालेल्या स्त्रीनामांत त्याची गणना होते. नामकोशांमध्ये 'कडू', 'समुद्राचा तारा', 'इच्छिलेले मूल' असे अर्थ ठामपणे दिलेले असले, तरी या नावाच्या मूळ अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

अर्थ व व्युत्पत्ती

हिब्रू लिपीत हे नाव मेम, रेश, योद, मेम या चार व्यंजनांनी लिहिले जाते. प्राचीन हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नसल्यामुळे या व्यंजनांची फोड अनेक प्रकारे करता येते, आणि अर्थांची विविधता बहुतांशी यातूनच निर्माण झाली आहे.

सर्वाधिक प्रचलित व्युत्पत्ती 'मर' म्हणजे 'कडू' या शब्दाशी जोडलेली आहे. इजिप्तमधील दास्याने इस्राएल लोकांचे जीवन कडू झाले होते, त्या काळात जन्मलेल्या मुलीला हे नाव मिळाले, असे स्पष्टीकरण रब्बींच्या वाङ्मयात सापडते. ही कथा अर्थपूर्ण असली तरी भाषाशास्त्राच्या दृष्टीने दुबळी आहे, कारण तिच्यातून नावाच्या अखेरच्या 'याम' या अंशाचा उलगडा होत नाही. 'कडू' या अर्थाचे नाव हिब्रूत कसे घडते याचे उदाहरण रूथच्या पुस्तकात आहे : पती व पुत्र गमावलेली नामी स्वतःला 'मारा' म्हणा असे सांगते.

दुसरी व्युत्पत्ती 'मरी' म्हणजे 'बंडखोरी' या शब्दावरून दिली जाते. 'त्यांची बंडखोरी' या अर्थाचा हिब्रू शब्द अक्षरशः 'मिर्याम' असाच होतो आणि नहेम्याच्या पुस्तकाच्या पारंपरिक हिब्रू पाठात (9:17) तो आलेलाही आहे. परंतु नवजात मुलीला असे नाव का ठेवावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

अनेक आधुनिक अभ्यासकांचा कल इजिप्शियन मूळ मानण्याकडे आहे. इजिप्शियन भाषेत 'मर्' या धातूचा अर्थ 'प्रेम करणे' असा असून 'मेरी' म्हणजे 'प्रिय'. दुसरा रामसेस याच्या नावापुढे येणारे 'मेरीआमून' हे बिरुद 'आमून देवाला प्रिय' या अर्थाचे आहे. मोशे व फिनहास ही याच कुटुंबातील नावे इजिप्शियन मानली जातात, त्यामुळे हा तर्क सबळ ठरतो. तरीही शेवटच्या अक्षरांची अडचण येथेही पूर्णपणे सुटत नाही. याखेरीज उगारिटिक भाषेतील 'उंची' या अर्थाच्या शब्दाशीही नावाचा संबंध जोडण्यात आला आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ ओटो बार्डनहेवर यांनी 1895 मध्ये केवळ या एका नावाच्या अर्थचर्चेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता, यावरून या वादाचा विस्तार लक्षात येतो.

'समुद्राचा तारा' या अर्थाची कथा वेगळीच आहे. बायबलचे लॅटिन भाषांतरकार संत जेरोम (चौथे-पाचवे शतक) यांनी नावाची फोड 'मर' (थेंब) आणि 'याम' (समुद्र) अशी नोंदवली. लॅटिनमध्ये ती 'स्तिल्ला मारिस', म्हणजे 'समुद्राचा थेंब', अशी होते. नकलाकारांच्या हातून 'स्तिल्ला'चे 'स्तेल्ला' (तारा) झाले असावे, असे सामान्यतः मानले जाते. एका स्वराच्या फरकाने झालेला हा अर्थ मध्ययुगीन युरोपात सर्वमान्य झाला. येशूची माता ही दर्यावर्दींना वाट दाखवणारी तारका ठरली, तिच्यावर स्तोत्रे रचली गेली आणि किनाऱ्यावरील असंख्य चर्चना हे नाव मिळाले. व्युत्पत्ती म्हणून ती टिकणारी नसली, तरी उपासनेच्या इतिहासात तिचे महत्त्व मोठे आहे.

हिब्रू बायबलमधील मिरियम

निर्गमाच्या पुस्तकात मिरियमला 'संदेष्ट्री' म्हटले आहे. तांबडा समुद्र ओलांडल्यावर ती हाती डफ घेऊन स्त्रियांच्या गायन-नृत्याचे नेतृत्व करते. नाईलच्या काठी, लव्हाळ्यांत ठेवलेल्या बाळ मोशेवर लक्ष ठेवणाऱ्या बहिणीचे नाव त्या कथेत दिलेले नाही. परंपरा तिला मिरियमच मानते. गणना या पुस्तकात ती मोशेवर टीका करते. अहरोनही तिच्यासोबत असतो, मात्र त्वचारोगाची शिक्षा एकट्या मिरियमला होते आणि तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागते. ती परत येईपर्यंत लोक पुढे कूच करत नाहीत, हा तपशील तिचे स्थान दाखवणारा आहे. तिचा मृत्यू कादेश येथे झाला. त्या वाक्यानंतर लगेचच लोकांना पाणी मिळेनासे झाल्याचा उल्लेख येतो. यावरून, तिच्या पुण्याईने एक विहीर वाळवंटात लोकांसोबत फिरत असे, ही तालमुदातील आख्यायिका निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही ज्यू कुटुंबांत वल्हांडण सणाच्या भोजनात तिच्या स्मरणार्थ पाण्याचा पेला ठेवला जातो.

मिर्याम, मरियम, मारिया

इ.स.पू. तिसऱ्या शतकात सुरू झालेल्या बायबलच्या ग्रीक भाषांतरात हे नाव 'मरियम' असे लिहिलेले आहे. त्यावरून पहिला स्वर मुळात 'अ' असावा आणि हिब्रूत तो पुढे 'इ' झाला असावा, असे अनुमान निघते. आरामाइक व अरबी रूपांत हा जुना स्वर टिकून आहे. पुढे अखेरचा 'म' गळून 'मारिया' हे रूप झाले. रोमन लोकांत मारियस घराण्यातील स्त्रीचे नावही 'मारिया' असेच असे, पण ते स्वतंत्र लॅटिन नाव आहे.

लोकप्रियता आणि तिचे परिणाम

बायबलमध्ये मोशेच्या बहिणीनंतर शेकडो वर्षे हे नाव जवळजवळ आढळत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास मात्र ते पॅलेस्टाइनमधील ज्यू स्त्रियांचे सर्वाधिक प्रचलित नाव बनले. ताल इलान यांनी संकलित केलेल्या नामकोशाच्या आधारे रिचर्ड बॉकहॅम यांनी केलेल्या गणनेनुसार, नोंद झालेल्या 328 स्त्रियांपैकी 70 जणींचे नाव मिरियम किंवा त्याचे रूपांतर होते. हास्मोनी राजघराण्याविषयीची आत्मीयता हे यामागचे एक कारण सांगितले जाते. त्या घराण्यातील राजकन्या मरियम्ने ही हेरोद राजाची पत्नी होती आणि इ.स.पू. 29 मध्ये त्यानेच तिला देहदंड दिला.

नव्या करारात एकाच नावाच्या इतक्या स्त्रिया का भेटतात, याचे उत्तर या आकडेवारीत आहे. येशूची आई, मग्दाला गावची मरीया, बेथानीची मरीया, क्लोपाची मरीया, याकोबाची आई, मार्कची आई अशा स्त्रियांना गाव, पती वा पुत्र यांच्या नावाने वेगळे ओळखावे लागले. तरीही गोंधळ टळला नाही. इ.स. 591 मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात मग्दालाची मरीया, बेथानीची मरीया आणि लूकच्या शुभवर्तमानातील अनामिक पापी स्त्री या तिघी एकच असल्याचे सांगितले. येशूच्या पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेल्या मग्दालाच्या मरीयेकडे पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने त्यानंतर सुमारे चौदाशे वर्षे पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणून पाहिले. शुभवर्तमानांत याला आधार नाही. कॅथलिक चर्चने 1969 च्या सुधारित दिनदर्शिकेत ही सांगड सोडून दिली, पण चित्रकला व लोकस्मृती यांतून ती गेलेली नाही.

युरोपात नावाचा प्रसार सरळ रेषेत झाला नाही. काही ठिकाणी आदरापोटी ते मुलींना ठेवणेच टाळले जाई. आयरिश भाषेत येशूच्या मातेसाठी 'मुइरे' हे रूप राखून ठेवले असून मुलींना 'मोइरे' हे वेगळे रूप दिले जाते. पोलंडमध्ये सतराव्या शतकात राणी होऊन आलेल्या मारी लुईज हिला तेथे 'लुद्विका मारिया' म्हणून ओळखले जाई, कारण 'मारिया' हे पहिले नाव केवळ येशूच्या मातेचे मानले जात होते. हा संकोच ओसरल्यावर नावाचा वापर प्रचंड वाढला. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या नोंदींनुसार 1880 ते 1946 आणि पुन्हा 1953 ते 1961 या काळात 'मेरी' हे मुलींच्या नावांत पहिल्या क्रमांकावर होते. आज ते पहिल्या शंभरांतही नाही. 'मिरियम' हे हिब्रूला जवळचे रूप मात्र ज्यू कुटुंबांत अखंड चालू राहिले. यिद्दिशमध्ये त्याची 'मिरेल', 'मिरेले' अशी लाडकी रूपे आहेत.

कुराणात नावाने उल्लेख असलेली मर्यम ही एकमेव स्त्री होय. तिचे नाव 34 वेळा आले असून एकोणिसावा सूरा तिच्या नावाने ओळखला जातो. त्यात तिला 'हारूनची बहीण' असे संबोधले आहे. हारून म्हणजे अहरोन, आणि त्यामुळे या संबोधनाच्या अर्थावर भाष्यकारांनी बरीच चर्चा केली आहे. भारतात मोगल काळात हे नाव सन्मानदर्शक पदवी म्हणून वापरले गेले : अकबराची आई हमीदा बानू हिला 'मरियम मकानी' आणि जहांगीरची आई हिला 'मरियम-उझ-झमानी' म्हणत.

मराठीत

मराठी बायबलमध्ये जुन्या करारात 'मिर्याम' आणि नव्या करारात 'मरीया' अशी रूपे वापरली जात असल्याने ही दोन्ही नावे मूलतः एकच आहेत, हे वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल समाजात हिब्रू नावे कोकणी वळणाने रुळली (शमुवेलचे 'सामाजी', यहेज्केलचे 'हसाजी'). मिरियम हे ज्यू नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते या समाजामुळे. पंडिता रमाबाई यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे नाव 'मेरी रमा' असे ठेवण्यात आले. पुढे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतरही केले. गोव्यात व वसई परिसरात पोर्तुगीज वळणाचे 'मारिया' रूढ आहे. लेखिका मारिया अरोरा कूटो यांच्या नावात तेच रूप आहे.

उच्चारसाम्यामुळे 'मरीआई' या ग्रामदेवतेचा किंवा 'मीरा' या नावाचा मिरियमशी संबंध असावा, असे काहींना वाटते. तो आढळत नाही. मरीआईचे नाव 'मरी' म्हणजे साथीचा रोग या मराठी शब्दाशी निगडित आहे.

या नावाच्या काही उल्लेखनीय व्यक्ती

दक्षिण आफ्रिकी गायिका मिरियम मकेबा (1932–2008), इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी अध्यक्षा मिरियम नाओर, फील्ड्स पदक मिळवणाऱ्या पहिल्या महिला गणितज्ञ मरियम मिर्झाखानी (1977–2017) आणि मारी क्युरी (1867–1934), ज्यांचे मूळ पोलिश नाव मारिया होते व घरी त्यांना 'मान्या' म्हणत.