कायद्याचे शिक्षण : परीक्षा आणि कागदपत्रांची तयारी



जमिनीची वाटणी, बांधाची कुरबूर, सात-बारावरची चुकीची नोंद, पाण्याची पाळी. या ना त्या कारणाने आपल्यापैकी बहुतेकांना वकिलाची पायरी चढावी लागते. त्यामुळे घरातले एखादे पोर वकील व्हावे असे पुष्कळांना वाटते. इच्छा चांगली आहे. परंतु चांगले मार्क पडूनही केवळ एखादा दाखला वेळेवर नसल्याने हातची जागा जाते. ते टळावे म्हणून ही माहिती देत आहोत.

दोन वाटा

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन अभ्यासक्रम आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पहिल्यासाठी बारावीला व दुसऱ्यासाठी पदवीला खुल्या वर्गास ४५ टक्के, इतर मागासवर्गास ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण लागतात. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बारावी न होता मुक्त विद्यापीठात थेट प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी याच नियमांनुसार चालत नाही. पदवीला नाव घालतानाच याचा विचार करावा.

परीक्षा कोणत्या?

राज्यातील विधी महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. दोन्ही अभ्यासक्रमांच्या परीक्षा वेगळ्या असतात. परीक्षा संगणकावर, पर्यायी उत्तरांची. प्रश्न मराठीतही मिळतात, आणि उत्तर चुकले तरी मार्क कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ‘क्लॅट’ ही वेगळी परीक्षा आहे. ती फक्त इंग्रजीत असते. दोन तासांत १२० प्रश्न, आणि प्रत्येक चुकीला पाव मार्क वजा. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही साली ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली. म्हणजे फॉर्मची मुदत दिवाळीच्या सुमारास संपते, नेमकी आपल्या तोडणीच्या धांदलीत. टोळी आली, गाडी भरायची, या गडबडीत तारीख निघून जाते. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अभ्यास कशाचा?

कायद्याची कलमे पाठ करून फारसा उपयोग नाही. एक नियम देतात, एक प्रसंग देतात आणि निर्णय विचारतात. उदाहरणार्थ, नियम असा : दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीत परवानगीवाचून जाणे म्हणजे अनधिकृत प्रवेश, मग नुकसान होवो वा न होवो. प्रसंग असा : एकाने शेजाऱ्याच्या रानातून न विचारता बैलगाडी नेली, पिकाचे पानही मोडले नाही. अनधिकृत प्रवेश झाला का? झाला. कारण नुकसानीचा प्रश्नच नियमाने ठेवलेला नाही. ‘शेजारी आहे, चालायचंच’ हे आपले मत इथे चालत नाही. दिलेल्या नियमाला धरून उत्तर द्यायची सवय सरावानेच लागते. त्याबरोबर रोज वर्तमानपत्र वाचणे आणि इंग्रजी वाचनाचा सराव हवा.

कागदपत्रे

दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवासाचा दाखला आणि पदवीधरांसाठी प्रत्येक सत्राचे गुणपत्रक जमवून ठेवावे. पदवीला ग्रेड असतील तर टक्केवारीचे पत्र विद्यापीठाकडून घ्यावे.

राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याला काही महिने लागू शकतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या व महसुली नोंदी शोधाव्या लागतात. इतर मागासवर्गासारख्या प्रवर्गांना चालू मुदतीचा नॉन क्रिमिलेअर दाखलाही हवा. तो नसेल तर मुलाचा विचार खुल्या जागेत होतो.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे का, तेही पाहा. एकीकडे ‘पाटील’ आणि दुसरीकडे मूळ आडनाव असेल तर दुरुस्ती आजच सुरू करा.

‘ट्रान्सक्रिप्ट’ म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने शिक्का मारून दिलेला एकत्रित उतारा. इथल्या प्रवेशाला गुणपत्रके पुरतात. पण मुलाला पुढे अमेरिकेत कायदा शिकायचा असेल तर हा उतारा विद्यापीठाकडूनच परस्पर तिकडे पाठवावा लागतो. म्हणून मूळ गुणपत्रके जपून ठेवा.

शेवटची अडचण

सीईटी दिली म्हणजे प्रवेश झाला असे नाही. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा दुसरा अर्ज भरावा लागतो, कागद चढवावे लागतात आणि कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. पुष्कळ मुले इथेच राहून जातात. तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा सीईटी कक्षाची सूचना स्वतः वाचावी. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये.

लागणीच्या आधी रान तयार करतो, बेणे पारखून घेतो, तसेच हे आहे. पोर अकरावीत किंवा पदवीच्या दुसऱ्या वर्षात असतानाच कागदांची फाईल उघडावी. अभ्यास त्याने करायचा, पण दाखल्यांसाठी कचेरीचे हेलपाटे आपण वेळेत घालायचे, एवढे जरूर करावे.