जुन्या वाहनातील गिअर तेल : गडचिरोलीच्या संदर्भात
गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदीचे पाणी पावसाळ्यात रस्त्यावर येत आले आहे. नाल्याच्या पाण्यातून गेलेल्या जुन्या वाहनाचे गिअर तेल केवळ किलोमीटर मोजून बदलणे पुरेसे नसते. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडताच आतील हवा आकुंचन पावते व हवाछिद्रातून किंवा झिजलेल्या ऑईल सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते. त्याचा थर दात्यांचे रक्षण करू शकत नाही आणि बेअरिंग गंजते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये क्लचपट्ट्यांचे अस्तरही सुटू शकते. म्हणून पाण्यातून बाहेर पडल्यावर तेलाचा रंग तपासावा. ते दुधाळ असल्यास त्वरित बदलावे. दुर्गम गावात रुग्णाचा प्रवास अनेकदा अशाच एका वाहनावर अवलंबून असतो.