आधी तेल, मग आग

हुबळीच्या डिझेल शेडमधल्या इंजिनाची मापं आधी सांगतो, म्हणजे पुढची काळजी अनाठायी वाटणार नाही. व्ही आकारात मांडलेले सोळा सिलिंडर. प्रत्येकाची क्षमता 710 घनइंच, म्हणजे साडेअकरा लिटरच्या थोडी वर. पूर्वी कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं अख्खं इंजिन 1089 सीसीचं. तसली दहा इंजिनं या एका सिलिंडरमध्ये मावतील. वजन अठरा टनांच्या आसपास, ताकद 4000 अश्वशक्ती, आणि वेग मात्र मिनिटाला फार तर 904 फेरे.

सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून हुबळी हे रेल्वेचं गाव. 2003 पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही इथंच आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडून हे इंजिन असलेले डब्ल्यूडीजी-4 जातीचे मालगाडीचे लोको 1999च्या सुमारास आले, तेव्हा त्यांचं घर हुबळी ठरलं. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट इथून जवळ. दूधसागर बघायला प्रवासी खिडकीशी गर्दी करतात, तिथंच 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. मुरगाव बंदरातला कोळसा घेऊन तो चढायचा, म्हणजे इंजिनाच्या जोडणीत राहिलेली हयगय तिथं उघडी पडणारच.

असं इंजिन खोलून, नवे पिस्टन-लायनर घालून पुन्हा बांधलं, की त्याच्या आयुष्यातली सगळ्यात धोक्याची वेळ येते ती पहिल्या फेऱ्यांची. बेअरिंगवर तेलाचा थर असेल तर धातू धातूला टेकत नाही. पण तो थर टिकवणारा पंप इंजिनावरच चालतो, आणि इंजिन तर अजून फिरलेलंच नाही. म्हणून तेल बाहेरून द्यायचं. वेगळा पंप जोडून कोमट तेल दाबानं आत सोडतात आणि झाकणं काढून वाट बघतात. कॅमशाफ्टच्या बेअरिंगांतून, रॉकरांवरून तेल पाझरताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दाबाचा काटा वर गेला एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला या कामावर ठेवू नये.

त्यानंतर बारिंग. सिलिंडरांचे टेस्ट व्हॉल्व्ह उघडे ठेवून क्रँकशाफ्ट सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायचा. एखाद्या व्हॉल्व्हमधून पाण्याची धार निघाली, तर गळती आताच सापडली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तसंच सेल्फ मारलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. पिस्टन आणि हेड यांमधली फट मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पिस्टनच्या माथ्यावर शिशाची मऊ तार ठेवायची, फेरा द्यायचा, आणि चेपलेली तार मायक्रोमीटरनं मोजायची. इंजिन वाराणसीत बनलेलं असो की शिकागोजवळ, शिशाची तार तीच.

शेवटी डिझेल. प्राइमचा स्विच धरून ठेवायचा आणि काचेच्या खिडकीत बुडबुडे थांबून स्वच्छ इंधन दिसेपर्यंत सोडायचा नाही. टर्बोसाठी विजेवर चालणारा स्वतंत्र तेलपंप असतो. तो इंजिनाच्या आधी सुरू होतो आणि इंजिन बंद झाल्यावर अर्धा तास तरी चालू राहतो, कारण टर्बोची बेअरिंगं तापलेली असतात.

गाडीच्या गॅरेजात तत्त्व हेच, सरंजाम छोटा. प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचं. पद्मिनीसारख्या जुन्या इंजिनात टॅपेट सपाट, आणि कॅमच्या उंचवट्यांवर तेल पोचतं ते मुख्यतः क्रँकच्या फिरण्यानं उडालेलं. म्हणून नवा कॅम टाकला असेल तर सुरू होताच दोन हजारांच्या आसपास फेरे धरून वीसेक मिनिटं ठेवायचे. ‘नवं आहे, हळू मुरू दे’ म्हणून आयडलवर सोडणाऱ्या मेस्त्रीचा हेतू चांगला असतो, कॅम मात्र जातो.

तेल निवडताना गाडीच्या आणि लोकोच्या वाटा अगदी उलट होतात. सपाट टॅपेटच्या कॅमला जस्ताचं संयुग असलेलं तेल हवं. ते धातूवर रक्षक पापुद्रा धरतं. लोकोच्या इंजिनात पिस्टन-पिनच्या बेअरिंगला चांदीचा मुलामा असतो आणि जस्ताचं ते संयुग चांदी खातं. म्हणून तिथं जस्त नसलेलंच तेल चालतं. गाडीचं उत्तम तेल लोकोत ओतणं म्हणजे विष घालणं.

सुरू झाल्यावर लोको लगेच घाटात जात नाही. त्याच्या इंजिनानं बनवलेली वीज रोधकांत जाळून, जागेवरच पायरीपायरीनं भार चढवतात. रिंगा लायनरवर बसतात त्या ज्वलनाच्या दाबानं; नुसतं आयडलवर ठेवलं तर लायनरच्या होनिंगच्या बारीक रेघा चकाकून गुळगुळीत होतात आणि इंजिन पुढं तेल पीत राहतं. क्रँककेसचा दाब वाढून इंजिन आपोआप बंद पडलं, तर मात्र झाकण उघडायची घाई करायची नाही. आतली तेलाची वाफ तापलेली असते आणि बाहेरची हवा मिळताच पेटू शकते. किमान दोन तास थांबा, असं बनवणाऱ्यांचं बजावणं आहे.

पुढची तपासणी प्रयोगशाळेत होते. तेलाचा नमुना वर्णपटावर बघतात: लोखंड वाढलं तर लायनर किंवा रिंगा, तांबं किंवा शिसं वाढलं तर बेअरिंग, आणि चांदी दिसू लागली तर पिस्टन-पिन. मग लोको शेडबाहेर सोडायचा की पुन्हा खोलायचा, हे त्या आकड्यांवर ठरतं.